गोळी पोटात जाईपर्यंत



परिचारिका आणि आशाताईंच्या सभेत अध्यक्षाने शेवटी उठायचे आणि झालेलेच पुन्हा सांगायचे, ही आपली रीत. ती मोडून मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी गरोदर बाईच्या हातात पडते आणि तिच्या पोटात जाते, या दोहोंमधल्या अंतरावर.

या गोळीतल्या अर्ध्या औषधाचा शोध आपल्याच बायांच्या रक्तातून लागला आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बाया पांढऱ्याफटक पडून दगावत होत्या. विल्सबाईंनी त्यांच्या ताटात काय वाढले जाते ते पाहिले. शेवटी यीस्टच्या स्वस्त अर्काने त्या बाया बऱ्या झाल्या आणि १९३१ मध्ये तिने ते छापले. त्या अर्कातला गुण म्हणजेच फॉलिक ॲसिड. पुढे ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव. डॉक्टर मंडळी परदेशी ब्रँडांची नावे घडाघडा सांगतात, हे नाव मात्र क्वचित घेतात.

चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा तेवढेच दिवस. सोबत कॅल्शिअम दोन वेळा. हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारले तरी येते. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या शंभरापैकी ५२ गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी निघाले, आणि १८० दिवस गोळ्या खाल्ल्याचे सांगणाऱ्या आया होत्या २६. आपल्या रजिस्टरात ‘वाटप’ असा रकाना असतो. ‘खाल्ली’ असा नसतो.

भूम, परंडा, कळंब, वाशीकडची ऊसतोडीला जाणारी बाई डोळ्यांपुढे आणा. दसरा-दिवाळीला उचल घेऊन कोयता निघतो, तेव्हा तिला चौथा महिना लागलेला असतो. म्हणजे गोळ्या सुरू व्हायच्या, त्याच वेळी गाव सुटते आणि बाळंतपण मार्चमध्ये कोपीवर. पहाटे चारला अंधारात फडावर, पोटात कोरा चहा. उन्हं चढल्यावर भाकरी, कोरड्यास, वर पुन्हा चहा. आता आपण सांगतो, “जेवणानंतर घ्या.” तिने चहासोबतच ती गिळली, तर चहा लोह अंगी लागू देत नाही. कॅल्शिअमसोबत घेतली तरी तोच घोळ. तिला सांगायचे ते असे: कॅल्शिअमची पांढरी गोळी दोन्ही वेळच्या भाकरीबरोबर, लाल गोळी रात्री निजताना, पाण्याबरोबर. लिंबू मिळाले तर पिळून. रात्री घेतली की मळमळही झोपेत जाते.

मग सासू म्हणते, “गोळ्या खाल्ल्या की लेकरू काळं व्हतंय.” काळी होते ती शौच, लेकरू नव्हे. हे पहिल्याच भेटीत सांगितले नाही, तर तिसऱ्या दिवशी पाकीट फळीवर जाते. आणि ‘डोहाळे’ म्हणून कौतुकाने जी भाजलेली माती, पाटीची पेन्सिल खाऊ घातली जाते, तिच्यामागे अनेकदा लोहाचीच कमतरता असते. माती खाणाऱ्या बाईचे हिमोग्लोबिन त्याच दिवशी तपासा.

दुसऱ्या टोकाला शहरातली शिकलेली सून. सरकारी गोळी फुकट म्हणून कमअस्सल, आणि चारशे-पाचशेचा पावडरचा डबा मात्र उशाशी! त्यातच दोन-तीन मल्टिव्हिटामिन एकावर एक. अ जीवनसत्त्व अति झाले तर गर्भात व्यंग येऊ शकते, हे डबा विकणारा सांगत नाही. आपणही, खरे सांगायचे तर, चिठ्ठी लिहिताना फार विचारत नाही.

फॉलिक ॲसिडचे तर वेळापत्रकच वेगळे. गर्भाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी पहिल्या २८ दिवसांत मिटते. पाळी चुकल्याचे बाईच्या ध्यानात येईपर्यंत ते काम उरकत आलेले असते. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी लग्न झालेल्या मुलीला दिवस जाण्याआधीच मिळायला हवी. आपण गरोदरपणाच्या नोंदणीची वाट पाहतो.

उद्या सकाळच्या सत्रात ठरावापेक्षा यादी करू. दसऱ्याआधी प्रत्येक उपकेंद्राने तोडीला जाणाऱ्या गरोदर बायांची नावे काढावीत, मार्चपर्यंतच्या गोळ्या एकदमच द्याव्यात, माता-बाल कार्ड सोबत बांधून द्यावे आणि टोळीच्या मुकादमाचा फोन नंबर आशाताईंच्या वहीत उतरवून घ्यावा. साखर कारखान्याच्या गावच्या सिस्टरना ती यादी टोळी निघण्याच्या आधी पोचली पाहिजे. भूमच्या मंडळींनी सुरुवात करावी, त्यांच्या टोळ्या सगळ्यात आधी निघतात.