धारोष्ण दूध आणि ज्याची त्याची मर्जी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले, तेव्हा विद्वत्तेचे काही ऐकायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. मागे आपल्या बैठकीत दुधावरून वाद निघाला होता, तो तुम्हांला आठवत असेल. एक भगिनी म्हणाल्या, "निरसे दूध विकायला सरकारने बंदीच करावी." दुसऱ्या म्हणाल्या, "मी काय प्यावे हे सरकारने का सांगावे?" मी त्या दिवशी गप्प बसले. अध्यक्षबाईंनी ते ओळखले आणि म्हणाल्या, "मनात आहे ते वर्धापनदिनी बोला." म्हणून आज उभी राहिले आहे.

आपण कोल्हापूरची माणसे. धारोष्ण दुधाचे कौतुक आपल्याला कोणी शिकवायला नको. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धार काढतात आणि फेसाळलेला पेला तसाच हातात देतात. तालमीतल्या पैलवानांचे अंग त्या दुधावर पोसले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. माझे सासरही म्हशीवाल्यांचे. त्यामुळे मी दुधाच्या विरुद्ध बोलेन हे शक्य नाही.

पण २०१३ साली आमच्या घरी एक दुखणे आले, ते मी विसरू शकत नाही. माझी धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती. आम्ही गावी होतो. मामंजी पहाटे धारेला बसले की ती डोळे चोळत गोठ्यात जायची आणि मामंजी पहिली वाटी तिला द्यायचे. आजा-नातीचा तो लाड पाहून मलाही बरे वाटायचे. पुढे तिला ताप येऊ लागला. दोन दिवस यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. रात्री अंगावरचे कपडे घामाने भिजायचे. गुडघे दुखतात म्हणून ती चालेनाशी झाली. आम्ही दृष्ट काढली, टायफॉईड समजून औषधे दिली. महिना असाच गेला. पोर काडीसारखी झाली.

शेवटी शहरातल्या एका डॉक्टरांनी वेगळेच विचारले. "घरी जनावरे आहेत का? एखादे गाभडले होते का? दूध निरसे पिता का?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या गोठ्यातली एक म्हैस दोन महिन्यांपूर्वी सातव्या महिन्यात गाभडली होती. रक्त तपासल्यावर ब्रुसेलोसिस निघाला. याला माल्टा ताप असेही म्हणतात. जनावर गाभडते त्याचे हे एक कारण, आणि त्याचे जंतू दुधातून माणसात येतात. दूध उकळले की मरतात. दीड महिना रोज दोन औषधे देऊन मुलगी बरी झाली.

भगिनींनो, ते दूध विकतचे नव्हते. घरची म्हैस, घरचा चारा, स्वच्छ हात, घासलेली चरवी. पाण्याचा थेंब त्यात नव्हता. दूध चांगले म्हणजे निर्धोक, असे मी समजत होते, ते चूक होते. वासाला, चवीला, सायीला त्यात काही कमी नव्हते. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

घरी आल्यावर मी मामंजींपुढे प्रथमच तोंड उघडले. ते म्हणाले, "सत्तर वरसं पितोय. मला काय झालं?" मी म्हटले, "मामंजी, तुम्ही खुशाल प्या, तुम्हांला अडवणारी मी कोण? पण पोरीच्या वाटीतले दूध माझ्या चुलीवरून जाईल." ते काही बोलले नाहीत. आत्याबाईंनी मात्र दुसऱ्या दिवशी मोठे पातेले काढून दिले.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. जनावरांच्या डॉक्टरांनी गोठ्यातल्या म्हशींचे रक्त तपासले. जी पहाटे मुलीला दूध देत होती, तिलाही ती बाधा निघाली. बाजारात नेली असती तर चांगली किंमत आली असती. कोणाला काही कळलेही नसते. हे तेच म्हणत होते, कारण दवाखान्याचे पैसे द्यायचे होते. पण मामंजी म्हणाले, "आपलं दुखणं दुसऱ्याच्या दावणीला बांधायचं न्हाई." म्हैस वेगळी बांधली आणि तिचे दूध डेअरीला घालणेही बंद केले. कायदा कशासाठी असतो, हे मला त्या दिवशी कळले.

आपल्या देशात १९५४ साली अन्नभेसळीचा कायदा झाला. पुढे २००६ चा अन्नसुरक्षेचा कायदा त्याच्या जागी आला. दुधात पाणी किंवा भेसळ घालणाऱ्याला त्यात शिक्षा आहे. निरसे दूध विकायला सरसकट बंदी नाही. माझ्या मुलाने वाचून दाखवले की स्कॉटलंडात १९८३ पासून तशी बंदी आहे. शेजारच्या इंग्लंडात शेतकरी असे दूध थेट गिऱ्हाइकाला विकू शकतो, पण त्यावर धोक्याची सूचना लावावी लागते. म्हणजे हा वाद केवळ आपल्या मंडळातला नाही!

मला स्वतःला सूचनेचा मार्ग पटतो. जाणत्या माणसाने सगळे समजून-उमजून धारोष्ण दूध प्यायले, तर ती त्याची मर्जी. परंतु लहान मूल, गरोदर बाई, अंथरुणावरचे म्हातारे माणूस आणि दारी आलेला पाहुणा हे आपण देऊ ते पितात. त्यांच्या पेल्यावर आपली मर्जी चालवणे, याला स्वातंत्र्य म्हणता येणार नाही. गरोदर बाईला तर अशा दुधाने गर्भपाताचा धोका असतो. आणि विकणाऱ्याने खरे सांगितलेच पाहिजे. तिथे मर्जीचा प्रश्न येत नाही.

कोणी म्हणेल, उकळल्याने दुधाचे सत्त्व जाते. काही जीवनसत्त्वे थोडी कमी होतात हे खरे, पण हाडांना लागणारा चुना आणि अंगाला लागणारी प्रथिने बहुतेक तशीच राहतात. डेअरीत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच गार करतात, तेवढ्याने हे जंतू मरतात. आपल्याला यंत्र नको. सुटे दूध आले की लगेच पातेल्यात ओतावे, ढवळत चांगली उकळी आणावी आणि झाकून ठेवावे. आपल्या आज्या विरजणसुद्धा तापवलेल्या दुधालाच लावत होत्या. उकळणे ही काही साहेबाने आणलेली रीत नव्हे.

ज्यांच्या घरी जनावरे आहेत त्यांना एकच विनंती. रेड्या आणि कालवडी चार ते आठ महिन्यांच्या असताना त्यांना या रोगाची लस टोचून घ्या. २०१९ पासून सरकारी कार्यक्रमात ती फुकट आहे. म्हैस गाभडली तर उघड्या हाताने वार काढू नका आणि जनावरांच्या डॉक्टरांना ती गोष्ट लपवू नका.

मामंजी आज नाहीत. शेवटपर्यंत त्यांनी आपला पेला धारोष्णच घेतला, तो दुसऱ्या म्हशीचा. पण धाकटी गोठ्यात आली की तेच तिला म्हणायचे, "जा, आईकडनं तापवल्यालं घे." मी पुन्हा कधी त्यांना काही सांगितले नाही. सांगावे लागलेच नाही.

 आता भाषण पुरे करते. आज चहाचे दूध माझ्याकडे आहे आणि ते उतू जायला नको!