जुनं दुखणं यात चालतं का? : छोट्या ऑफिसचा मेडिक्लेम निवडताना

आजचा विषय आहे इन्शुरन्स. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका. पाच मिनिटं द्या.

मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आले, पण नोकरी करते पुण्यातल्या एका छोट्या पर्यावरण सल्लागार फर्ममध्ये. आम्ही नऊ जण. कुठल्या कारखान्याच्या चिमणीतून काय बाहेर पडतं, सांडपाण्यात काय आहे, हे आमची फील्डची मंडळी मोजतात आणि त्या आकड्यांचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. गेल्या वर्षी मॅडमनी ठरवलं की सगळ्यांचा ग्रुप मेडिक्लेम काढायचा. साधारण सात माणसांपासून ग्रुप पॉलिसी मिळते, म्हणजे आम्ही त्यात बसत होतो. ‘तुला एक्सेल येतं ना?’ म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं.

तीन कोटेशन्स आली. मी मस्त शीट बनवली आणि सगळ्यात स्वस्त कोटेशन हिरवं केलं. तीन लाखांचं कव्हर, ॲपवर डॉक्टरांशी फुकट बोलणं, जिमवर सवलत. मला तर एकदम आवडलं. आवडणारच ना! मी अठ्ठावीस वर्षांची, आजवर एकदाही ॲडमिट न झालेली.

संध्याकाळी आमचे ड्रायव्हर काका टेबलाशी आले. पन्नाशी ओलांडलेली, चाकण असो की कुरकुंभ, सगळ्या साइटवर गाडी तेच नेतात आणि सॅम्पलिंगची जड यंत्रंही उचलायला लागतात. हळू आवाजात म्हणाले, “ताई, जुनं दुखणं यात चालतं का?”

काकांना हर्निया होता. वर्षभर पट्टा बांधून काम चाललं होतं. ऑपरेशनला पैसे नाहीत आणि सांगितलं तर काम जाईल ही भीती. आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता.

मी कोटेशन परत उघडलं. खाली बारीक अक्षरात होतं: हर्नियासारख्या ठरावीक आजारांना दोन वर्षं थांबा, आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षं. याला वेटिंग पिरियड म्हणतात. आधीपासूनच्या आजारांसाठी तो आधी चार वर्षांपर्यंत असायचा, आयआरडीएआयने २०२४ मध्ये जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. ग्रुप पॉलिसीत मात्र थोडा जास्त प्रीमियम भरला की तो पहिल्या दिवसापासून काढून टाकता येतो. मी ते विचारलंच नव्हतं, कारण माझ्या शीटमध्ये तो कॉलमच नव्हता!

दुसरी गोष्ट, रूम रेंट. तीन लाखांच्या कव्हरवर एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपयांचीच खोली. समजा ६,००० ची मिळाली आणि चार दिवस राहिलात. खोलीचे २४,००० पैकी १२,००० मिळतील हे कळतं. पण डॉक्टर आणि ऑपरेशन थिएटरचं बिल ८०,००० असेल, तर तेही त्याच प्रमाणात निम्मं होतं! औषधं आणि तपासण्या यातून वगळलेल्या असतात, तरी ५२,००० तुमच्या खिशातून गेले.

मग मी दुसरं कोटेशन नव्याने मागवलं. पाच लाखांचं कव्हर, खोलीला मर्यादा नाही, वेटिंग नाही. फरक वर्षाला साधारण बावीस हजार, म्हणजे माणशी महिन्याला दोनशे रुपये. मॅडम म्हणाल्या, एवढं जमेल, पण मग आईवडिलांचं कव्हर नाही जमणार. खरं सांगते, मला वाईट वाटलं. मला माझ्या आईसाठी ते हवं होतं. पण आईसाठी मी वेगळी पॉलिसी काढू शकते, काकांना ते शक्य नव्हतं. आम्ही दुसरं घेतलं. तीन महिन्यांत काकांचं ऑपरेशन झालं, कॅशलेस.

आम्ही कोड लिहितो तेव्हा सगळं सुरळीत चालणाऱ्या युजरवर टेस्टिंग थांबवत नाही, सगळ्यात अवघड केस आधी तपासतो. पॉलिसीचंही तसंच आहे. ऑफिसमधल्या ज्या माणसाला तिची सगळ्यात जास्त गरज पडेल, त्याचं नाव मनात धरा आणि मग कागद वाचा.

तुमच्या ऑफिसमध्ये हे काम तुमच्याकडे आलं तर चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, कुणाला काय आजार आहे हे सगळ्यांसमोर विचारू नका. वेटिंग सरळ काढूनच टाका, म्हणजे कुणाला लाजायला नको.

दोन, ‘वेटिंग नाही’ हे एजंटच्या व्हॉट्सॲपवर नको, पॉलिसीच्या कागदावर हवं.

तीन, कोटेशनमध्ये जीएसटी धरलाय का बघा. वैयक्तिक पॉलिसीवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, ग्रुपवर १८ टक्के आहे.

चार, मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरतो, बुडालेला पगार नाही. आमची मुलं चिमणीवर चढतात, म्हणून आम्ही अपघात विमा वेगळा काढला.

आणि नोकरी सुटली की ग्रुपचं कव्हर संपतं. तेव्हा तब्येत ठणठणीत आहे तोवर स्वतःची छोटी पॉलिसीही घेऊन ठेवा.

काका आता यंत्रं उचलत नाहीत. आम्ही एक ट्रॉली घेतली. ती खरं तर आधीच घ्यायला हवी होती, नाही का?

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!