मोठ्या मुलांनी ‘ड्रॅगनहार्ट’ पाहावा काय?

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



येत्या शिबिरात ‘ड्रॅगनहार्ट’ हा इंग्रजी चित्रपट दाखवावा काय, असा प्रश्न काही पालकांनी विचारला आहे. त्यात तलवारबाजी आहे, रक्त आहे, आग ओकणारा बोलका ड्रॅगन आहे. आपण पंचशील मानणारे, अंधश्रद्धा नाकारणारे. तेव्हा पालकांची शंका रास्त आहे. परंतु कोणी सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः तपासा, ही कालाम सुत्ताची शिकवण आहे. म्हणून हा चित्रपटही तपासूनच पाहू.

रॉब कोहेन दिग्दर्शित हा चित्रपट १९९६ साली आला. कथा इ. स. ९८४ च्या सरंजामी काळातील. जुलमी राजा शेतकऱ्यांच्या उठावात मारला जातो, राजपुत्र आइनॉन मरणोन्मुख होतो. न्यायाने राज्य करण्याची शपथ घेतल्यावर ड्रॅगन त्याला आपले अर्धे हृदय देतो. पण गादीवर येताच तो शेतकऱ्यांना वेठीला धरून किल्ला बांधून घेतो. त्याचा गुरू बोवेन म्हणतो, मुलगा चांगला होता, ड्रॅगनच्या हृदयाने नासला! आणि दिसेल तो ड्रॅगन मारत सुटतो.

मित्रांनो, हा विचार आपल्या ओळखीचा नाही काय? रक्तच वाईट म्हणायचे आणि अख्ख्या जमातीला दोषी ठरवायचे! माणूस जन्माने नीच होत नाही, कर्माने होतो, हे भगवंतांनी वसल सुत्तात सांगितले. बोवेनला ते फार उशिरा उमगते. हृदय एकच, पण ड्रॅगनजवळ करुणा आणि राजाजवळ क्रौर्य. आपल्या मुलांनी पाहावे असे या चित्रपटात हेच आहे.

आता दुसरी बाजू. एका बंडखोराचे डोळे जाळले जातात, पुढे त्याला ठार मारले जाते. त्याच्या मुलीवर लग्नाची बळजबरी होते. ही दृश्ये लहान मुलांसाठी नाहीत. अमेरिकेत या चित्रपटाला १३ वर्षांखालील मुलांबाबत पालकांना सावध करणारे प्रमाणपत्र मिळाले. आपल्याकडेही २०२४ पासून ‘यूए’ प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ अशा वयोमर्यादा आल्या आहेत. शेवटी ड्रॅगनचा तारा होतो. ती केवळ कल्पना आहे, हे मुलांना स्पष्ट सांगावे.

सर्वांत कठीण प्रश्न शेवटचा. हृदय सामायिक असल्याने ड्रॅगन जिवंत असेतो राजा मरत नाही. ड्रॅगन स्वतःच मरण मागतो आणि बोवेन जड अंतःकरणाने आपल्या मित्राला मारतो. मग पहिल्या शीलाचे काय? ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे सांगून मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. पूर्वी सूडाने ड्रॅगन मारणारा बोवेन आणि शेवटचा बोवेन यांत हा भेद दिसतो काय? खरोखर दुसरा मार्ग उरला नव्हता काय? याचे तयार उत्तर मी देणार नाही. ते मुलांनी वाद घालून शोधावे.

म्हणून माझी सूचना अशी: तेरा वर्षांवरील मुलांना चित्रपट दाखवावा, पालकांनी शेजारी बसावे आणि नंतर अर्धा तास चर्चा ठेवावी. चर्चेला वेळ नसेल, तर चित्रपटही ठेवू नये. मुलांचे डोळे झाकून त्यांची प्रज्ञा वाढत नाही. पण त्यांना एकटे सोडूनही ती वाढत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!