सहावी ते आठवीचे मराठी : स्वतःचे एक पान

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला, तेव्हा शिक्षणापुढचा प्रश्न मूल शाळेच्या दारापर्यंत आणण्याचा होता. तो प्रश्न बहुतांशी सुटला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला आठवीपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क दिला आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवी हा ‘मध्य स्तर’ म्हणून वेगळा काढला. मात्र या तीन वर्षांत मराठीच्या तासाला नेमके काय साधायचे, याचे सरळ उत्तर कायद्यात नाही, धोरणातही नाही. शाहू महाराजांच्या नगरीत मराठीच्या अध्यापकांचे अधिवेशन भरत असताना अध्यक्षीय भाषणाने या एकाच प्रश्नाला हात घालावा, हे स्थळाला धरूनच आहे.

पाचवीपर्यंत मूल वाचायला शिकते, तर नववीपासून दहावीच्या परीक्षेची सावली वर्गावर पडू लागते; म्हणून मधली तीन वर्षेच काय ती भाषाशिक्षणाला खऱ्या अर्थाने मोकळी मिळतात. एके काळी सातवीच्या अखेरीस ‘व्हर्नाक्युलर फायनल’ म्हणजे मुलकी परीक्षा असे, आणि ती उतरलेला माणूस गावात पत्र वाचून देणारा, अर्ज लिहून देणारा म्हणून ओळखला जाई. त्या परीक्षेचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण तिथवर पोहोचणारी मुले थोडी आणि मुली त्याहून थोड्या होत्या. तथापि सातवी झालेल्याला भाषेने काय करता यावे, याची समाजाला स्पष्ट कल्पना होती, ती आज उरलेली नाही. या भाषणाचे म्हणणे असे की, आठवी संपताना प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीविषयी, ती ठाऊक नसलेल्या अनोळखी वाचकासाठी, कोणत्याही गाईडात सापडणार नाही असे एक पान लिहिता आले पाहिजे, आणि वाचन, व्याकरण, श्रवण व भाषण या बाकीच्या साऱ्या गोष्टी या पानाच्या सेवेला लावल्या पाहिजेत.

आजचे निबंधलेखन याच्या नेमके उलट चालते. ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’, ‘मी पंतप्रधान झालो तर’ हे विषय पिढ्यान्‌पिढ्या तेच राहिले आहेत, आणि त्यांची उत्तरेही ठरलेली आहेत : धरतीने हिरवा शालू नेसायचा, मोराने पिसारा फुलवायचा, पुस्तकाने हुंदका द्यायचा. पंचगंगेच्या काठावरचा, ज्याच्या घरात पाणी शिरल्याने कुटुंबासह निवारा केंद्रात राहावे लागले असा विद्यार्थीसुद्धा पावसाळ्यावर लिहिताना तोच हिरवा शालू काढतो, कारण आपण पाहिलेला पाऊस परीक्षेच्या कागदावर चालत नाही, असे त्याला शाळेनेच शिकवलेले असते. दोष मुलाच्या कल्पनाशक्तीचा नव्हे.

करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातील सातवीच्या वर्गाला याच्याऐवजी ‘ऊस चरकात गेल्यापासून गुळाचा रवा तयार होईपर्यंत काय काय होते, ते गुऱ्हाळ कधीच न पाहिलेल्या मुंबईच्या मुलाला समजेल असे लिहा’ असा विषय देऊन पाहावा. हा विषय दिसतो त्याहून अवघड आहे. रस काहिलीत पडतो, खाली चुलवाण पेटलेले असते, रानभेंडीचा चिकट रस घातल्यावर मळी वर येते व ती काढून टाकावी लागते, पाक थेंबभर गार पाण्यात टाकून गुळव्या त्याची गोळी होते का ते पाहतो, आणि मग काहील उतरवून पाक वाफ्यात ओतला जातो. हे लिहिताना काहील आणि चुलवाण म्हणजे काय ते सांगावे लागते, आधीची कृती आधी येते, ‘तोवर’, ‘त्यामुळे’, ‘एरवी’ या जोडणाऱ्या शब्दांची गरज आपोआप पडते आणि गुळव्याला पाक झाल्याचे कळते कसे, हा प्रश्न आला की लिहिणाऱ्याला पुन्हा एकदा गुऱ्हाळावर जाऊन विचारावे लागते. प्रक्रियालेखन, म्हणजे एखादी कृती क्रमाने व कारणांसह मांडणे, हा लेखनप्रकार पाठ्यक्रमात नाममात्र आहे; वास्तविक ज्या मुलाच्या घरी पुस्तके नाहीत पण ज्ञान आहे, त्याला वर्गात वरचढ ठरवणारा दुसरा प्रकार क्वचितच सापडेल. इचलकरंजीच्या मुलाला मागाविषयी आणि चामड्याचे काम पाहत वाढलेल्या मुलीला चपलेविषयी असेच लिहिता येईल.

वाचनाच्या बाबतीत वर्गाचा कल कथा-कवितांकडे आहे आणि माहितीपर गद्य, म्हणजे काही कळवण्यासाठी वा पटवण्यासाठी लिहिलेला मजकूर, दुय्यम मानला जातो. कोल्हापुरातील मुलाने मात्र २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत, निदान घरात ऐकले आहेत. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी रोज जाहीर होते; ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. समजा, पातळी ४१ फूट असून राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली, तर तिच्यातून काय कळते आणि काय कळत नाही, असे आठवीच्या वर्गाला विचारता येईल. इशारा पातळी ओलांडली आहे, हे कळते. सोडलेले पाणी क्युसेकमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट या मापात, सांगितले असेल तर तेही कळते. मात्र ते पाणी शहरापाशी केव्हा पोहोचेल, हे त्या बातमीत नाही, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात तर ती बातमी कोणत्या दिवसाची, हेदेखील पुष्कळदा नसते. मजकुरात काय नाही हे ओळखणे ही वाचनाची वरची पायरी होय, आणि ती चढण्यासाठी तेरा वर्षांचे वय अगदी योग्य आहे.

व्याकरणाचा तास सध्या नावे पाठ करण्यात जातो. समासाचा विग्रह आणि अलंकाराची लक्षणे तोंडपाठ असलेला विद्यार्थी स्वतःचे वाक्य दुरुस्त करू शकत नाही, असे चित्र शाळोशाळी दिसते. ‘ठेकेदाराने रस्ता खोदला’ आणि ‘रस्ता खोदण्यात आला’ ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी लिहून, दुसऱ्या वाक्यात कोण गायब झाले आणि कार्यालयीन पत्रांना ही रचना इतकी का आवडते, हे विचारले तर प्रयोगाचा धडा नागरिकशास्त्रापर्यंत जातो. शुद्धलेखनाचेही तसेच. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार मिळून अठरा नियम सहावीतल्या मुलापुढे यादी म्हणून ठेवण्यात अर्थ नाही. पूल–पुलावर, मूल–मुलाला, फूल–फुलांचा, दूध–दुधात अशा जोड्या दिल्या तर उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ उकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो, हा नियम वर्ग स्वतःच शोधून काढतो, आणि शोधलेला नियम पाठ केलेल्याहून जास्त टिकतो.

बोलीचा प्रश्न इथूनच सुरू होतो, आणि कोल्हापुरात त्याला बगल देता येत नाही. ‘काय करायलाईस?’ या प्रश्नाला ‘अभ्यास करायलोय’ असे उत्तर देणाऱ्या मुलाला वर्गात हसले जाते, जणू त्याने नियम मोडला. प्रत्यक्षात तो एक नियम काटेकोर पाळत असतो, कारण जायलोय, खायलोय, लिहायलोय ही रूपे एकाच साच्यातून निघतात आणि तो साचा सातवीचा वर्ग दहा मिनिटांत मांडू शकतो. मुली ‘मी येतो’, ‘मी आलो’ म्हणतात याचा संबंध कन्नडच्या शेजाराशी जोडला जातो, कारण कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नाही. ज्या जिल्ह्याच्या दक्षिणेच्या गावांत दोन्ही भाषा रोज कानी पडतात, तिथे हा धडा पुस्तकाबाहेर मोफत उपलब्ध आहे. याचा अर्थ प्रमाण मराठी, म्हणजे शिक्षण, प्रशासन व मुद्रण यांत सर्वत्र चालणारी मराठी, शिकवू नये असा मुळीच नाही. अनोळखी वाचकासाठी पान लिहायचे तर ती लागतेच, आणि ती न शिकवणे हा बोलीच्या नावाखाली गरिबांच्या मुलांवर केलेला अन्याय ठरेल. फक्त ती घरच्या भाषेशी ताडून शिकवावी, घरची भाषा पुसून नव्हे.

साहित्याविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे, कारण या विषयाची काळजी वाहणारे पुष्कळ आहेत. शंकर पाटील यांच्या कथा, कागलच्या आनंद यादवांची ‘झोंबी’, राजन गवस आणि कृष्णात खोत यांचे लेखन ही याच मातीतली नावे आहेत. यांपैकी सारेच या वयाला पेलणारे नाही. परंतु पाठ्यपुस्तकातील दोन पानांच्या उताऱ्याऐवजी वर्षातून निदान एक पुस्तक सबंध वाचले जावे, त्यासाठी करवीर नगर वाचन मंदिरासारख्या १८५० पासून चालत आलेल्या ग्रंथालयाचे आणि गावोगावच्या वाचनालयांचे दार शाळेने ठोठावावे. वक्तृत्व स्पर्धांविषयी मात्र स्पष्ट बोलणे भाग आहे. शिक्षकाने लिहिलेले भाषण मुलाने हातवाऱ्यांसह म्हणून दाखवणे हे पाठांतर आहे, वक्तृत्व नव्हे. समोरच्याचे म्हणणे नीट ऐकून, ते आपल्या शब्दांत त्याला मान्य होईल असे मांडून, मगच उत्तर देणे हा खरा अभ्यास, आणि त्याला ढाल मिळत नाही.

राहता राहिले मूल्यमापन. शिष्यवृत्ती परीक्षेत प्रथम भाषेचे २५ प्रश्न ५० गुणांसाठी असतात आणि ते सर्व पर्याय निवडण्याचे असतात. या परीक्षेत कोल्हापूर जिल्ह्याच्या शाळांनी मिळवलेला लौकिक मोठा आहे आणि तो कष्टाचा आहे. पण पर्यायाला गोल करता येणे आणि पान लिहिता येणे ही दोन निरनिराळी कौशल्ये आहेत, आणि दुसरे तपासायला उत्तरसूची मिळत नाही. पन्नास मुलांच्या वर्गात दर पंधरवड्याला पन्नास पाने तपासणे, जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामे उरकणाऱ्या शिक्षकाला शक्य नाही, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय असा की, एका वेळी एकच गोष्ट तपासावी : एकदा क्रम, एकदा वाक्यरचना, एकदा शुद्धलेखन, शिवाय पहिला खर्डा मुलांनी एकमेकांचा वाचावा आणि न कळलेल्या जागी फक्त प्रश्नचिन्ह करावे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात, म्हणजे २०१० पासून राज्यात लागू झालेल्या वर्षभराच्या मूल्यमापनात, सातवी-आठवीसाठी शंभरपैकी ४० गुण आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता करायच्या नोंदींसाठी ठेवण्यात आले. हे गुण आज बहुधा सत्राच्या अखेरीस रकाने भरून दिले जातात. त्यांपैकी निम्मे गुण दोन खर्ड्यांत लिहिलेल्या पानांना द्यायचे ठरले, तर त्यासाठी नवा शासन निर्णय निघण्याची वाट पाहावी लागणार नाही. शाळेतील भाषाशिक्षकांनी जूनमध्ये एकत्र बसून वर्षभराचे दहा विषय ठरवले आणि त्यांतून पुस्तकाचे आत्मवृत्त तेवढे वगळले, तरी सुरुवात होते.