पहिली मॅरेथॉन : पुण्याच्या खडीच्या रस्त्यावरून अँटवर्पला

ऑलिंपिकचा विषय निघाला की मराठी मनाला प्रथम खाशाबा जाधवांचे स्मरण होते, आणि ते रास्तच होय. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी मिळविलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. परंतु त्याच्याही ३२ वर्षे आधी, या भूमीतील काही तरुण बोटीने समुद्र ओलांडून ऑलिंपिकच्या मैदानावर उतरले होते. त्यांतील दोघे मॅरेथॉन धावले. भारताच्या वतीने धावली गेलेली ती पहिलीच ऑलिंपिक मॅरेथॉन. त्या दोघांची नावे आज फारशी कोणाच्या ओठी नाहीत. एकाचे नाव फडेप्पा चौगुले, दुसऱ्याचे सदाशिव दातार.

या कथेचा आरंभ पुण्यात होतो. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद १९१९ च्या सुमारास सर दोराबजी टाटा यांच्याकडे आले. जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा पाहताना त्यांना जे दिसले त्याने ते चकित झाले. स्पर्धक बहुतांशी शेतकरी कुटुंबांतील तरुण. आहार बेताचा, शास्त्रशुद्ध शिक्षणाचा गंधही नाही. मैदान लहान, जमीन उंचसखल. शंभर यार्डांची शर्यतदेखील वळणावरून घेण्याचा बेत आखलेला. मात्र लोकांची खरी गर्दी व्हावयाची ती लांब पल्ल्याच्या शर्यतीला. सुमारे २५ मैलांचे ते अंतर हे तरुण खडीच्या कठीण रस्त्यांवरून आणि धुळीच्या वाटांवरून अनवाणी कापीत. पहिल्या तीन-चार क्रमांकांच्या वेळा टाटांनी युरोपातील वेळांशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्या फारशा मागे नाहीत असे त्यांना आढळले. हीच माणसे ऑलिंपिकला का जाऊ नयेत, हा प्रश्न तेथे उभा राहिला. स्पर्धेस उपस्थित असलेले मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याकडे टाटांनी तो मांडला, आणि पुढील पत्रव्यवहारातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये भारताला प्रवेश मिळाला.

पैशांची अडचण अर्थातच होती. टाटांनी पदरमोड केली, म्हणूनच हे घडले. १९२० च्या जून महिन्यात संघ मुंबईहून बोटीने निघाला. इंग्लंडमध्ये काही आठवडे सराव करून तो बेल्जियममध्ये दाखल झाला. धावपटूंसमवेत कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे दोन कुस्तीगीरही होते. चौगुले बेळगावचे, म्हणजे त्या वेळच्या मुंबई इलाख्यातीलच.

येथे मॅरेथॉनच्या अंतराविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले, तेव्हा मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंतचे सुमारे ४० किलोमीटरचे अंतर ठरविण्यात आले आणि स्पिरिडॉन लुइस या ग्रीक तरुणाने ते २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत कापले. १९०८ साली लंडनमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधील राजघराण्याच्या आसनांपर्यंत आखलेला मार्ग ४२.१९५ किलोमीटरचा भरला. राजेलोकांच्या सोयीने पडलेले हे अंतर १९२१ साली जगभर प्रमाण म्हणून मान्य झाले आणि आजतागायत तेच चालू आहे. चौगुले व दातार यांची शर्यत त्याच्या एक वर्ष आधीची. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता. ऑलिंपिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. जन्मातली पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन, आणि तीही सर्वांत लांब!

२२ ऑगस्ट १९२० रोजी ४८ धावपटू मार्गाला लागले. शेवटपर्यंत पोहोचले ते ३५. फिनलंडचे हान्नेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिले आले. एस्टोनियाचे युरी लॉसमान त्यांच्यामागे तेरा सेकंदही नव्हते. फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत एकोणिसावे आले. दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. ज्या दिवशी ४८ पैकी १३ जणांना वाटेत थांबावे लागले, त्या दिवशी त्यांतील एक आपला होता, यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

एकोणिसावा क्रमांक म्हणजे पदक नव्हे, म्हणून इतिहासाने तो चटकन बाजूस सारला. पण आकडे जरा निरखून पाहावेत. चौगुले यांनी दर किलोमीटर सरासरी चार मिनिटांत कापला. हा वेग १८९६ च्या विजेत्याच्या वेगापेक्षा सरस आहे. मार्ग वेगळे, काळ वेगळा, म्हणून ही तुलना जपूनच करावी हे खरे. तरीही पुण्यातील खडबडीत रस्त्यांवर तयार झालेला धावपटू अनोळखी देशात, अनोळखी अन्नावर हा वेग पावणेतीन तासांहून अधिक वेळ टिकवितो, ही लहान गोष्ट नव्हे. विजेता त्याच्यापुढे अठरा मिनिटे होता, हेही लपविण्यात अर्थ नाही.

अशा शर्यतीत माणूस थांबतो तो का? आज शरीरशास्त्राला त्याचे उत्तर बरेचसे ठाऊक आहे. स्नायू आणि यकृत यांत साठविलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारणपणे दोन हजार कॅलरींच्या आसपास ऊर्जा देऊ शकते. साठ किलो वजनाच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनसाठी अडीच हजारांच्या घरात ऊर्जा लागते. मधली तूट चरबीतून भरून निघते; पण चरबीचे ज्वलन संथ असते. म्हणून तीस किलोमीटरपर्यंत हसतमुखाने धावणारा माणूस त्यापुढे एकाएकी शिशाचे पाय झाल्यासारखा जड होतो. आरंभी उत्साहाच्या भरात जो वेगाने सुटतो, त्याची शिल्लक लवकर संपते. चौगुलेंच्या काळी धावताना पाणी पिणे हा दुबळेपणा समजला जाई. आज तहानेनुसार पाणी घ्यावे असे सांगितले जाते, आणि गरजेपेक्षा फार जास्त पाणी प्यायल्याने रक्तातील सोडियम घटून जिवाला धोका पोहोचू शकतो, हेही सांगितले जाते.

पुण्यात १९८३ पासून आणि मुंबईत २००४ पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन भरू लागल्या. बँकेतील कारकून, शिक्षिका, पोलीस शिपाई, निवृत्त अधिकारी असे नाना प्रकारचे लोक त्यांत पहिल्यांदा धावू लागले. मुंबईच्या मार्गावर परतीच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ येतो. सपाट रस्त्यावर सराव केलेल्या नवख्याला तो चढ म्हणजे काय हे तेथेच कळते! अशा नवख्याने किमान चार-पाच महिने आधी तयारीला लागावे. आठवड्यातून एकदा लांब पल्ला धावून तो हळूहळू तीस किलोमीटरच्या आसपास न्यावा. त्या दिवशी नवे बूट आणि नवे अन्न दोन्ही टाळावे. छातीत दुखणे, चक्कर येणे असे काही वाटल्यास मात्र लगेच थांबावे. हृदयविकाराचा किंवा मधुमेहाचा इतिहास असणाऱ्यांनी वैद्यकीय तपासणीशिवाय हा नाद करूच नये.

साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील ललिता बाबर आणि नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी भागातील कविता राऊत यांनीही लांब पल्ल्याच्या धावण्याचे पहिले धडे आपापल्या गावच्या रस्त्यांवरच गिरविले. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ललिता तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, तर कविता मॅरेथॉनमध्ये. अँटवर्पच्या शर्यतीला तेव्हा ९६ वर्षे झाली होती. त्या शर्यतीच्या निकालपत्रकात एकोणिसाव्या ओळीवर चौगुले हे नाव आहे, आणि पूर्ण न करणाऱ्यांच्या यादीत दातार.