ऊन पाण्याच्या गावात आपलं स्वागत

देशभरातून आलेले शास्त्रज्ञ, संशोधक विद्यार्थी आणि माझ्या पंचक्रोशीतील बंधू-भगिनींनो,

आई वज्रेश्वरीला वंदन करून स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचं तानसेच्या काठी मनःपूर्वक स्वागत करतो.

आपण बरेच जण काल अंधार पडल्यावर पोहोचलात. आज उजेडी देवीच्या देवळाच्या बावन्न पायऱ्या नक्की चढा. देवळाचा दरवाजा पाहून किल्ल्यात शिरतोय असं वाटेल. 1737 साली सुरू झालेली मराठ्यांची पोर्तुगिजांविरुद्धची वसईची मोहीम 1739 उजाडलं तरी संपत नव्हती. तेव्हा चिमाजी आप्पांनी आमच्या देवीला नवस केला, असं वाडवडील सांगत आले. त्या मे महिन्यात वसई पडली. पुढच्याच वर्षाअखेर आप्पा गेले. नवसाचं देऊळ उभं करण्याची कामगिरी होती वसईचे सुभेदार शंकर केशव फडके यांच्यावर. आप्पांचं नाव पोराटोरांना ठाऊक आहे, फडक्यांचं मात्र आमच्या गावातही कुणी घेत नाही. ही खंत माझ्या मनात फार वर्षं होती. म्हणून या मंडपाच्या प्रवेशद्वाराला आम्ही त्यांचं नाव दिलं आहे.

ऊन पाण्यातले जीवाणू हा आपला विषय; मी त्याचा जाणकार नाही. समितीतल्या प्राध्यापकांनी मला समजावलं, ते असं: अंडं तव्यावर फोडलं की त्यातला पातळ भाग पांढरा होऊन थिजतो, कारण उष्णतेने प्रथिनाची घडी उसवते. ऊन पाण्यातल्या जीवाणूंची प्रथिनं तग धरतात. त्यांचा गाभा दाट भरलेला असतो, बाहेर लोंबणारे फाटे पुष्कळदा आखूड असतात आणि धन-ऋण भारांच्या जोड्या एकमेकींना धरून ठेवतात. फडक्यांच्या देवळाचे दगडही असेच एकमेकांना धरून आहेत. अमेरिकेत यलोस्टोनच्या झऱ्यात थॉमस ब्रॉक यांना सापडलेल्या आणि 1969 साली नोंदवल्या गेलेल्या अशाच एका जीवाणूपासून टॅक पॉलिमरेज हे उष्णता सोसणारं प्रथिन मिळालं. पीसीआर तपासणी त्यामुळे सोपी झाली. 2020 साली नाकातोंडातले नमुने देऊन आपण अहवालाची वाट पाहत होतो, तेव्हा त्या तपासणीमागे हीच विद्या होती. इथल्या अकलोलीच्या ऊन पाण्याच्या कुंडात पाय सोडून वाढलेल्या मला हे ऐकून भरून आलं.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या. काल रात्री दोनदा वीज गेली. सकाळी काही खोल्यांत अंघोळीचं गरम पाणी पोहोचलं नाही. ऊन पाण्याच्या गावात हे घडावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपण क्षमा करावी. मंडप विनामूल्य घालून देणारे गृहस्थ, तीन दिवसांचं दूध देणारे गवळी बांधव, पहाटे चारपासून भाकऱ्या थापणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, वर्गखोल्या मोकळ्या करून देणारी शाळा, नाव न सांगण्याच्या अटीवर तांदळाची पोती पाठवणारे शेतकरी, या सर्वांचा मी ऋणी आहे.

एक विनंती. नमुने घ्यायला कुंडांवर जाल तेव्हा सकाळची स्नानं आटोपू द्या, आणि पायऱ्या जपून उतरा. शेवाळ फार आहे.