आपल्या वस्तीचा अभ्यास

एकेकाळी हेदवीतल्या कितीतरी चुली मुंबईच्या मनीऑर्डरीवर पेटायच्या. पैसे पाठवणारा तिथं चाळीत कसा राहतो, हे त्याला कुणी विचारलं नाही. अहवाल मात्र निघत राहिले.

म्हणून मुंबईच्या ‘पुकार’ संस्थेनं २००५ साली सुरू केलेली युवा फेलोशिप मला मोलाची वाटते. कॉलेजच्या भिंतीबाहेर दहाएक तरुणांचा गट वर्षभर आपल्याच वस्तीतला प्रश्न धरून मुलाखती घेई, नोंदी ठेवी. संस्थेचे संस्थापक अर्जुन अप्पादुराई यांनी तर २००६ मध्ये संशोधनाला हक्कच म्हटलं. मी साधा बी.ए.; आमच्या वेळी ते प्राध्यापकांचं काम असे!

हेदवीच्या पोरांनीही वही घ्यावी. आमच्या मोहल्ल्यापासून सुरुवात करा: कुलूपबंद घरं किती, आणि किल्ली कुणाकडे?